नवा कॉम्प्युटर सारखा बंद पडतो

प्रश्न : मुलाने सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडला. रोज निळा स्क्रीन येऊन बंद पडतो. व्हायरस समजून विंडोज दोनदा नव्याने टाकलं. मदरबोर्ड बदलावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, इतक्यात खर्च नको. विंडोज चढतंय, म्हणजे मुलाची जोडणी मुळात ठीक आहे. कोऱ्या विंडोजवरही तेच होतंय, तेव्हा व्हायरसची शक्यता फार कमी. माझा पहिला संशय रॅमवर. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) चालू असेल तर बंद करा. तरीही थांबलं नाही, तर एकेक रॅम लावून रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. एक जरी चूक दिसली, तर रॅम वॉरंटीत बदलून घ्या. कूलरखालची प्लास्टिकची फिल्म काढली होती ना? ती बऱ्याचदा तशीच राहते आणि प्रोसेसर तापतो. आत हात घालण्याआधी प्लग काढा. पॉवर सप्लाय मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज उरते.