शेवटचा कॅडेट कोण मोजणार?

पायथॉन नुकतेच शिकू लागलेल्या कनिष्ठ कॅडेट्ससाठी हा लेख आहे.

परेडवर ‘गिनती कर’ असा हुकूम मिळाला की उजवीकडचा कॅडेट ‘एक’ म्हणतो, शेजारचा ‘दो’, आणि ओळ संपली की मोजणी थांबते. फॉर लूप हेच करतो. कुठून सुरू करायचे, कुठे थांबायचे आणि प्रत्येक फेरीत काय करायचे, एवढेच त्याला सांगावे लागते.

समजा, पहिल्या दिवशी १ पुशअप, दुसऱ्या दिवशी २, असे १० दिवस केले. एकूण किती?

एकूण = ०
फॉर दिवस इन रेंज(१, ११):
    एकूण = एकूण + दिवस
प्रिंट(एकूण)

(संगणकावर हे शब्द आणि अंक इंग्रजीत टाईप करावेत. तिसरी ओळ आत सरकवलेली आहे, म्हणून फक्त तीच दहा वेळा चालते.)

उत्तर येते ५५. आता ११ ऐवजी १० लिहा. उत्तर येईल ४५, कारण दहावा दिवस मोजलाच जात नाही. रेंजमधला दुसरा आकडा थांबण्याची खूण असतो. तो स्वतः मोजणीत येत नाही.

हा नियम मला आधी विचित्र वाटला होता, पण त्याचा फायदा आहे. ११ वजा १ म्हणजे १०, म्हणजे फेऱ्या किती ते वजाबाकीने लगेच कळते. शिवाय रेंज(१, २६) आणि रेंज(२६, ५१) असे दोन गट केले, तर ५० कॅडेट्सपैकी कोणी सुटत नाही आणि कोणी दोनदा मोजला जात नाही. डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये एका टिपणात याच पद्धतीची बाजू मांडली होती.

मात्र एक धोका लक्षात ठेवा. यादीत ३० नावे असताना लूप ३१वे नाव मागू लागला, तर पायथॉन एरर देऊन थांबतो. पण २९ नावांवरच थांबला, तर तो काहीच बोलत नाही. हजेरी पूर्ण दिसते आणि शेवटचा कॅडेट गैरहजर असला तरी कोणाला कळत नाही. म्हणून प्रोग्राम चालवण्याआधी पहिली आणि शेवटची फेरी कागदावर करून पाहावी.

आता तुमची पाळी. रेंज(७, ७०, ७) मध्ये तिसरा आकडा उडीचा आहे. हा लूप सातचा पाढा पूर्ण म्हणेल का? आधी वहीत सोडवा, मग संगणकावर चालवा.