घटक ५ : प्रसिद्धीच्या चित्रफितीचे नियोजन

५.१ प्रास्ताविक

यापूर्वीच्या घटकांत आपण वृत्तपत्रातील आणि नभोवाणीवरील जाहिरातलेखनाचा विचार केला. त्या दोन्ही ठिकाणी शब्द हेच लेखकाचे मुख्य साधन होते. चित्रफितीत मात्र शब्दांचा क्रम शेवटचा असतो. नवोदित संहितालेखक नेमका येथेच चुकतो. मोटारींच्या शर्यतीवर दीड मिनिटाची चित्रफीत लिहा म्हटले, की तो आधी निवेदन लिहावयास बसतो. 'वेग! थरार! जिद्द!' असे तीन शब्द कागदावर उमटतात आणि पुढे काय लिहावे, हा प्रश्न पडतो. या तीन शब्दांतून कोणत्याही एका संस्थेची ओळख पटत नाही, हा त्यांतील खरा दोष होय.

सरावासाठी आपण मुद्दाम दूरचे उदाहरण घेऊ. ते आहे इंग्लंडमधील '७५० मोटर क्लब'. पुढील आराखडा त्या क्लबने केलेला नसून आपण अभ्यासासाठी कल्पिलेला आहे. परक्या विषयावर लिहिताना कोणतीही गोष्ट गृहीत धरता येत नाही. प्रत्येक गोष्ट विचारून घ्यावी लागते आणि लेखकाला ती सवय लागणे हिताचे असते.

५.२ संस्थेची ओळख

हा क्लब १९३९ मध्ये स्थापन झाला. 'ऑस्टिन सेव्हन' ही त्या काळातील लहान, स्वस्त मोटार. तिच्या इंजिनाची क्षमता साधारणपणे ७५० घन सेंटिमीटर, म्हणून क्लबचे हे नाव. श्रीमंतांचा मानला जाणारा हा खेळ मध्यमवर्गीय माणसाला परवडावा, यासाठी महायुद्धानंतर क्लबने शर्यतींचे साधे नियम आखले. जुनी मोटार घ्यावी, घरच्या गॅरेजमध्ये ती स्वतः उतरवून पुन्हा जोडावी आणि रविवारी तीच शर्यतीत चालवावी, असा हा व्यवहार होता. पुढे 'लोटस' हे नाव जगभर पोचवणारे कॉलिन चॅपमन हे याच शर्यतींतून पुढे आले. '७५० फॉर्म्युला' हा शर्यतप्रकार आजही चालू आहे.

येथे लेखकाला पहिला मोह होतो. चॅपमन यांच्यासारखे नाव हाताशी असताना चित्रफितीची सुरुवात त्यांच्यापासूनच का करू नये? इतिहास खरा आहे, अभिमानास्पदही आहे. परंतु जो माणूस आज क्लबमध्ये यावा असे आपल्याला वाटते, त्याला चॅपमन यांचे नाव धीर देईल की 'येथे असली माणसे येतात, आपले काय काम?' असे वाटायला लावेल? माझ्या मते हे नाव अखेरीस, एखाद्या जुन्या छायाचित्रापुरते यावे. तेही वेळ उरला तर.

५.३ प्रेक्षक कोण?

नियोजनातील सर्वांत अवघड निर्णय हा आहे. तो टाळला की पुढचे सारे निर्णय डळमळीत होतात. 'शर्यतीची आवड असलेले सर्वजण' हे उत्तर उपयोगाचे नाही. ज्याला केवळ वेग पाहावयाचा आहे, तो घरी बसून फॉर्म्युला वन पाहतो आणि तेथील चित्रणाशी छोट्या क्लबच्या दोन कॅमेऱ्यांनी स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

आपला प्रेक्षक असा कल्पावा : वय चाळिशीच्या आसपास, नोकरदार, अनेकदा तिकीट काढून प्रेक्षकांत बसलेला. आपणही एकदा उतरावे, असे त्याच्या मनात आहे. आडव्या येतात त्या शंका. परवाना कसा मिळतो? खर्च किती? आणि ओठांवर न येणारी तिसरी शंका : मी सर्वांत मागे राहिलो तर लोक हसतील का?

पहिल्या दोन शंकांची उत्तरे माहितीपत्रक देऊ शकते. ब्रिटनमध्ये शर्यतीचा परवाना मिळवण्यासाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात लेखी आणि प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते, हे एका ओळीत सांगून होते. तिसऱ्या शंकेचे उत्तर मात्र शब्दांनी देता येत नाही, ते दाखवावे लागते. चित्रफीत करावयाची ती त्यासाठी.

तेथील पद्धतीत या उत्तरासाठी एक सुंदर वस्तू आयतीच मिळते. नवशिक्या चालकाच्या मोटारीच्या मागील बाजूस पिवळ्या चौकोनावर काळी फुली लावलेली असते. 'हा नवा आहे, सांभाळून घ्या,' असे ती मागून येणाऱ्याला सांगते. आपल्या चित्रफितीचा नायक म्हणजे ही फुली लावलेली मोटार. प्रेक्षकाने ती पाहून काय करावे, हेही एका वाक्यात लिहून ठेवावे : 'पुढच्या शर्यतीच्या दिवशी त्याने प्रेक्षकांतून उठून पॅडॉकमध्ये यावे.' लगेच सभासद व्हावे, अशी अपेक्षा दीड मिनिटाच्या चित्रफितीकडून करू नये.

५.४ दृश्यांची योजना

एका नवशिक्याचा एक दिवस, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत, एवढाच आपला कथाभाग. ट्रेलरवरून उतरणारी मोटार, तपासनिसाने हेल्मेट आणि पट्टे तपासणे, पात्रता फेरी, शर्यत, आणि नंतर पॅडॉकमधला चहा.

क्लबच्या शर्यती बहुधा पंधरा-वीस मिनिटांच्या असतात आणि 'पुन्हा एकदा करा' असे तेथे कोणालाही सांगता येत नाही. म्हणून कोणते दृश्य चुकले तरी चालेल आणि कोणते चुकता कामा नये, हे आदल्या दिवशी ठरवावे. आपल्या दृष्टीने विजेत्याने रेषा ओलांडणे चुकले तरी चालेल. फुलीची मोटार पंधराव्या क्रमांकाने आली आणि चालकाने हेल्मेट काढले, तो क्षण मात्र चुकता कामा नये.

कॅमेऱ्याच्या जागेचाही विचार हवा. एका वळणावर मोटार डावीकडून उजवीकडे जाताना चित्रित केली आणि पुढचे चित्रण मार्गाच्या पलीकडच्या बाजूने केले, तर पडद्यावर तीच मोटार उलट फिरल्यासारखी दिसते. म्हणून एका प्रसंगातील चित्रण मार्गाच्या एकाच बाजूने करावे. बाजू बदलायचीच असेल, तर मध्ये चालकाच्या चेहऱ्याचे वा ध्वजाचे दृश्य ठेवावे. आयोजकांनी परवानगी दिलेल्या जागेपलीकडे पाऊल टाकू नये, हे सांगावयास नकोच.

पॅडॉकमध्ये शेजारच्या स्पर्धकाने आपला पाना पुढे केला, तर ते दृश्य सोन्यासारखे. परंतु ते घडले तरच घ्यावे. मुद्दाम घडवून आणलेला आपलेपणा नव्या माणसाला पहिल्याच भेटीत कळतो आणि मग तो उरलेल्या चित्रफितीवरही विश्वास ठेवत नाही.

अपघाताच्या चित्रणाचे काय? ते लोक आवडीने पाहतात आणि तेच दाखवावे असा आग्रह क्लबमधूनही होऊ शकतो. लेखकाने येथे ठाम राहावे. ही चित्रफीत आपल्या प्रेक्षकाच्या घरातली माणसेही पाहणार आहेत आणि उलटलेल्या मोटारीत बसलेला माणूस क्लबचाच सभासद आहे. अर्थात धोका लपवणेही तितकेच अप्रामाणिक ठरेल. हा खेळ धोकादायक असल्याची सूचना ब्रिटनमधील शर्यतमार्गांवर उघड लावलेली असते. ती फलकासह दाखवावी. पाठोपाठ पिवळा ध्वज हलवणारा मार्शल दिसावा : या ध्वजाखाली वेग कमी करावयाचा आणि कोणालाही मागे टाकावयाचे नाही. तेथील मार्शल बहुतांशी स्वयंसेवक असतात. पावसात भिजत उभा असलेला असा एक माणूस दाखवला, की धोका आणि त्यावरची दक्षता दोन्ही न बोलता कळतात.

५.५ निवेदनाची भाषा

मराठी निवेदक सेकंदाला साधारण दोन शब्द सुखाने बोलतो, असे धरून चालू. नव्वद सेकंदांचे शब्द होतात एकशे ऐंशी. त्यांतील निम्मा वेळ इंजिनाचा आवाज, पान्यांची खणखण आणि माणसांच्या हाका यांना द्यावा. आपल्या हाती उरले नव्वद शब्द. पुढील नमुना पाहा.

दृश्य : पहाट. दव साचलेली काच एक हात पुसतो. मागे पिवळ्या चौकोनावरची काळी फुली.
ध्वनी : कापडाचा आवाज. दुरून एक इंजिन सुरू होते.
निवेदन : 'ही फुली सांगते, की हा नवा आहे.'

दृश्य : शर्यत. फुलीची मोटार वळणावर. दोन मोटारी तिला जागा ठेवून पुढे जातात.
ध्वनी : केवळ इंजिने. निवेदन नाही.

दृश्य : चालक हेल्मेट काढतो. घामेजलेला, हसरा चेहरा.
निवेदन : 'पंधरावा आला. पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहे.'

'अत्यंत रोमहर्षक', 'अविस्मरणीय अनुभव' यांसारखी विशेषणे येथे कोठेही आली नाहीत, हे ध्यानात घ्यावे. चेहरा दिसत असताना 'तो आनंदी आहे' असे सांगणे म्हणजे प्रेक्षकाच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवणे होय. 'पॅडॉक' या शब्दाला ओढूनताणून मराठी प्रतिशब्दही शोधू नये. ट्रेलर, पाने आणि चहाचे थर्मास दिसत असताना तो शब्द आपोआप समजतो.

५.६ स्वयं-अध्ययनासाठी

आपल्या तालुक्यातील एखाद्या हौशी मोटारसायकल क्लबसाठी अशीच साठ सेकंदांची चित्रफीत योजावयाची आहे, असे समजा. सार्वजनिक रस्त्यावर शासनाच्या लेखी संमतीवाचून शर्यत लावणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ अन्वये गुन्हा आहे. मोकळ्या रस्त्यावरून भरधाव जाणाऱ्या मोटारसायकलींचे चित्रण क्लबच्या अध्यक्षांनी मोठ्या हौसेने आपल्याकडे दिले आहे. ते का वापरता येणार नाही आणि त्याऐवजी कोणते दृश्य घ्यावे, हे त्यांना समजावणारे दहा ओळींचे पत्र प्रथम लिहा. संहिता त्यानंतर लिहावी.