लाइन असलेल्या लेकराला ताप येतो तेव्हा

दंडावर दिसते ती बोटभर नळी आणि तिच्यावरची पारदर्शक पट्टी. आत मात्र ती हृदयाच्या तोंडाशी, वरच्या महाशिरेपर्यंत पोचलेली असते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार बहुधा दोन-अडीच वर्षं चालतात. व्हिन्क्रिस्टिनसारखं औषध शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं, आणि लहान मुलांच्या हाताच्या शिरा लवकरच दगा देतात. म्हणून अशी सेंट्रल लाइन बसवतात: दंडातली पिक लाइन, हिकमन किंवा कातडीखालचा पोर्ट.

अशा लाइनमध्ये ताप आला तर काय करायचं, हे पाचोडची एक आई आता भेटेल त्या आईबापांना समजावते. तिच्या मुलाची लाइन एका संध्याकाळी जवळच्या दवाखान्यात फ्लश केली, म्हणजे सिरिंजनं सलाइन सोडून धुतली, आणि थोड्याच वेळात पोराला हुडहुडी भरली. सल्ला मिळाला, ‘हिवताप असेल, गोळी द्या, सकाळी बघू.’ गोळीनं अंग निवलं, घरचे निर्धास्त झोपले. सकाळी पोर डोळे उघडेना. छत्रपती संभाजीनगर तिथून जवळपास पन्नास किलोमीटर; पोचेपर्यंत रक्तदाब खाली आला होता. जंतू लाइनमध्येच होते. लाइन काढावी लागली, मुलगा वाचला.

फ्लशनंतर लगेच भरणारी थंडी ही लाइनमधल्या जंतूंची ठळक खूण आहे. ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट झाला की रात्र असो वा पाऊस, निघायचं. तापाच्या गोळीवर थांबायचं नाही, ती खूण झाकते. रुग्णालयाच्या दारातच ‘सेंट्रल लाइन आहे’ असं सांगायचं. रक्त कल्चरला, म्हणजे जंतूंच्या तपासणीला, जावं आणि पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं.

लाइनला हात लावणाऱ्याला टोकायलाही ती आई शिकली. आधी साबणानं हात. मग टोपण स्पिरिटनं पंधरा सेकंद घासून वाळू द्यायचं. सिरिंज दहा मिलीचीच, कारण लहान सिरिंजचा दाब जास्त असतो आणि नळी फुटू शकते. अडतंय तिथं जोर लावायचा नाही. पट्टी आठवड्यानं बदलायची. ओली झाली किंवा सुटली तर त्याच दिवशी. विहिरीत पोहणं बंद. नळी चिरलीच, तर चिरेच्या अंगाकडच्या बाजूला दुमडून चिमटा लावायचा आणि रुग्णालय गाठायचं.

पोर्टला साधी सुई चालत नाही, ह्युबर सुईच लागते.

पाचोडला ग्रामीण रुग्णालय आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठी लिहून घेतली, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस हाताच्या शिरेतून तिथंच देऊन मुलाला पुढे पाठवता येईल. चिठ्ठीत औषधाचं नाव, वजनाप्रमाणे मात्रा आणि वॉर्डाचा फोन हवा.