रुईवरचे फुलपाखरू आणि मक्यावरचा पतंग

दिवाळीच्या सुट्टीत मी जळगाव जिल्ह्यातील आमच्या शेतावर गेलो होतो. रब्बीचा मका वीस दिवसांचा झाला होता. बांधावरच्या रुईवर काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसल्या आणि मी ओरडलो, "आबा, लष्करी अळी आली!" आबा येईपर्यंत चार अळ्या चिरडल्याही.

आबा म्हणाले, "अरे, ही रुई खाते. मक्याला तोंड लावत नाही. शत्रू बघायचाय? हा पोंगा उघड."

पोंग्यात भुशासारखी ओली विष्ठा होती आणि तिच्याखाली मातकट अळी. डोक्यावर उलट्या वाय अक्षराची खूण, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. हीच अमेरिकन लष्करी अळी. भारतात ती २०१८ मध्ये प्रथम कर्नाटकात आढळली.

दोन्ही अळ्यांना पुढे पंख फुटतात, पण दोघांचे वागणे वेगळे. रुईवरच्या अळीचे होते बिबळ्या रुईकर हे नारिंगी फुलपाखरू. ते दिवसा उडते, बसल्यावर पंख पाठीवर उभे मिटते. त्याच्या मिशांची टोके जाडसर असतात. मादी एकेक अंडे सुटे घालते. कोष झाडालाच लटकतो. रुईच्या चिकातले विष अंगात असल्याने पक्षी त्याला टाळतात. भडक रंग ही त्यांना दिलेली ताकीदच.

लष्करी अळीचा होतो करड्या-तपकिरी रंगाचा पतंग. तो रात्री उडतो आणि बसताना पंख छपरासारखे उतरते ठेवतो. त्याच्या मिशा दोऱ्यासारख्या असतात. मादी शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका घालून तो केसाळ आवरणाने झाकते. कोष जमिनीत असतो. असा एक पतंग मी आदल्याच रात्री मोटारीच्या खोलीतल्या दिव्याजवळ पाहिला होता आणि साधा किडा म्हणून सोडून दिला होता.

पुढचे चार दिवस आम्ही ओळीने फिरलो. अंड्यांचे पुंजके चिरडले, पोंग्यांतल्या अळ्या वेचल्या, नर पतंग पकडण्यासाठी कामगंध सापळे लावले. मी निघालो तेव्हा बऱ्याच पोंग्यांतून न कुरतडलेली पाने वर येत होती.

नेमबाजीच्या तासाला आम्हाला शिकवतात, लक्ष्य ओळखल्याशिवाय चापाला बोट लावायचे नाही. त्या दिवशी बांधावर मी नेमके तेच विसरलो होतो.