सफाईचे सहा गुण

आफ्रिकेतील केनिया देशाची राजधानी नैरोबी. तेथील माथारे या दाट झोपडपट्टीत केराचे ढीग साचत, गटारे तुंबत. रोगराईला मग काय कमी! मुले मात्र चिंध्यांचा चेंडू करून फुटबॉल खेळण्यात दंग असत. १९८७ साली बॉब मन्रो या कॅनेडियन गृहस्थांच्या पुढाकाराने तेथे मुलांची क्रीडासंघटना स्थापन झाली. पुढे तिने एक विलक्षण नियम केला. सामना जिंकणाऱ्या संघास तीन गुण; परंतु वस्तीची सफाई करणाऱ्या संघास सहा! त्यामुळे मैदानावर हरलेला संघही फावडी घेऊन गटार उपसून वर चढू शके. याच संघटनेतून घडलेला माथारे युनायटेड संघ २००८ साली केनियाचा विजेता ठरला. त्या स्पर्धेत सफाईला गुण नव्हते!