फुटबॉलवर राग नको

पालकहो, एक तक्रार हल्ली सारखी कानावर येते. शाळेच्या फाटकाशी, मैदानाच्या कडेला, कधी लग्नाच्या पंगतीतसुद्धा. 'पोराला हौसेनं क्रिकेटला घातलं, पण त्याचा सगळा जीव फुटबॉलमध्ये!' क्रिकेट शिकवणारी मंडळी सांगतात, लहानपणी पोरं उत्साहानं येतात आणि मिसरूड फुटायच्या आत गळायला लागतात. मग सगळं खापर फुटतं ते आपल्या कोल्हापूरच्या पेठांतल्या फुटबॉलवर. त्याबद्दल तुमच्याशी मोकळेपणानं बोलायचं आहे.

फुटबॉलची ओढ आधी समजून घेऊ. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर दुपारपासून गर्दी सरकायला लागते. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, फुलेवाडी ही नुसती तालमी-मंडळांच्या संघांची नावं नव्हेत, ते पोरांचे पत्ते आहेत. दहा वर्षांच्या पोराला आपल्या तालमीचा गोलकीपर कोण, डाव्या बगलेनं कोण पळतो, गेल्या सामन्यात टायब्रेकरला कुणी पेनल्टी घालवली, सगळं तोंडपाठ असतं. आणि तो खेळाडू त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत भेटतो, नावानं हाक मारतो, डोक्यावर टपली देतो. क्रिकेटचा हिरो मात्र पडद्यावर राहतो. मोठी झेप घेतलेला मुलगाही आपल्याकडं आहे. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अशा गावात पोरगं फुटबॉलकडं ओढलं गेलं, तर त्यात नवल कसलं?

पण म्हणून कोल्हापूर हे क्रिकेटचं गाव नव्हतं, असं कुणी म्हणालं तर मला वाईट वाटतं. भाऊसाहेब निंबाळकर आपल्या कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध ते महाराष्ट्राकडून खेळले आणि नाबाद ४४३ वर पोचले. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम नऊ धावांवर होता, आणि प्रतिस्पर्धी कप्तानानं सामनाच सोडून दिला. प्रथम श्रेणीच्या सामन्यात चारशेच्या पुढं गेलेला दुसरा भारतीय फलंदाज अजून झालेला नाही. एवढं करून भाऊसाहेबांना अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही. सदू पाटीलही इथलेच. १९५५ साली मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध एकच कसोटी खेळले आणि दोन्ही डावांत जॉन रीडसारख्या फलंदाजाला बाद केलं. ही नावं तुमच्या घरातल्या पोराला माहीत आहेत का, एकदा विचारून बघा. माहीत नसतील तर तो दोष त्याचा नाही. आपण कधी सांगितलंच नाही.

आता जरा कडू बोलतो, राग मानू नका. माझ्या मते फुटबॉलनं क्रिकेटची पोरं पळवलेली नाहीत. पोरांच्या हातातलं क्रिकेट आपण मोठ्यांनीच काढून घेतलं.

पूर्वी गल्लीत एक बॅट असायची, तीही कुणाची तरी. टेनिस बॉल वर्गणीतून यायचा. कुणाच्या गच्चीवर गेला तर आऊट, गटारीत गेला तर दोन रन, एक टप्पा घेऊन एका हातात पकडला तरी आऊट. नियम पोरंच करायची, भांडायची, मिटवायची. पंच नाही, कोच नाही आणि कडेला घड्याळ बघणारे आई-वडील तर नाहीतच. आज त्या गल्लीत दोन्ही बाजूंनी दुचाक्या आणि चारचाक्या लागल्या आहेत. मैदानांवर जागा अपुरी, पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी. उरलं ते तासाच्या भाड्यानं मिळणारं टर्फ, आणि ते परवडतं कमावत्या पोरांना.

मग आपण काय केलं? आठव्या वर्षीच पोराला अकादमीत घातलं. काही हजारांची बॅट, पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट, चाकांची किट बॅग. त्या क्षणापासून खेळ ही गुंतवणूक झाली, आणि गुंतवणुकीचा हिशोब मागावासा वाटतोच.

त्या पोराचा रविवार डोळ्यासमोर आणा. पहाटे उठून मॅचला जातं. आपली बॅटिंग असेल तर सहाव्या नंबरची वाट बघत, पॅड बांधून, दोन-दोन तास सावली शोधत बसतं. आत जातं, दुसऱ्याच बॉलला पायचीत होतं. नंतर फील्डिंगला फाइन लेगला उभं, अख्ख्या सकाळभरात तीन बॉल त्याच्याकडं येतात. आणि घरी परतताना गाडीवर मागं बसल्यावर समोरून प्रश्न येतो, 'किती काढलेस?' तोच पोरगा संध्याकाळी मैदानात फुटबॉल खेळतो तेव्हा तास-दीड तास पळतो, पडतो, ओरडतो, घामानं निथळून घरी येतो. त्याला कुणी आकडा विचारत नाही. आवड तिकडं झुकणारच.

क्रिकेट हा मुळात वाट बघायला लावणारा खेळ आहे. ती वाट बघणं पोराला गोड वाटायला हवं असेल, तर आधी काही वर्षं त्याला पोटभर, विनाहिशोब खेळायला मिळालं पाहिजे. घाई कशाची आहे? मुलांची राष्ट्रीय पातळीवरची विजय मर्चंट करंडक स्पर्धासुद्धा सोळा वर्षांखालची आहे. आठ-नऊ वर्षांच्या पोराचं काहीएक निसटून जात नाही.

एका गोष्टीची मला जास्त काळजी वाटते. पोरांनी क्रिकेट सोडलेलं नाही, खेळणं सोडलंय. आयपीएलच्या लिलावात कोण कितीला गेला ते त्यांना ठाऊक असतं. मोबाइलवर टीम लावून पैसे घालवण्याचा नादही कितीतरी घरांत शिरला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, ते बरंच झालं. पण हातातला मोबाइल सुटावा, तर संध्याकाळी जायला मैदान हवं आणि सोबत चार पोरं हवीत. ते काम कायद्याचं नाही, तुमचं-माझं आहे.

मुलींच्या बाबतीत मात्र मला मनापासून आशा वाटते. आपल्या कोल्हापूरची अनुजा पाटील भारताकडून टी-ट्वेंटी खेळली. शेजारच्या सांगलीत स्मृती मानधना घडली. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय मुलींनी विश्वचषक जिंकला. तो सामना डोळे विस्फारून पाहिलेली मुलगी तुमच्या घरात असेल तर 'उन्हात काळी पडशील' हे वाक्य कृपा करून गिळून टाका. भावाला टेनिस बॉल टाकायला तिलाच बोलवा, आणि मग बॅट तिच्याही हातात द्या. पेठेतल्या तालमीचा अभिमान तिलाही आहे, पण त्या संघातून मैदानात उतरायची वाट अजून तिच्यासाठी मुलांइतकी मोकळी नाही. क्रिकेटनं तिला मैदानात उतरायची वाट मोकळी करून दिली, तर मला तरी दुहेरी आनंद होईल.

पोरगं फुटबॉलच निवडत असेल तर खुशाल निवडू दे. त्याचा सामना बघायला जा, त्याच्या तालमीच्या नावानं ओरडा. स्टँडमध्ये शिव्या आणि दगड सुरू झाले तर तिथून त्याला उठवून आणा, आणि का उठवलं ते घरी शांतपणे सांगा. पण ज्याला मनातून क्रिकेट आवडतं आणि केवळ सगळी गल्ली तिकडं पळते म्हणून जो बॅट कपाटावर टाकतोय, त्याच्याशी जरा बोला. अशी एक-दोन पोरं प्रत्येक गल्लीत असतात. एकट्याला बॅटिंग करता येत नाही, एवढीच त्यांची अडचण असते.

येत्या मे महिन्याच्या सुट्टीत गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून एवढं करा. सकाळी सात ते नऊ दुचाक्या दुसरीकडं लावा. टेनिस बॉलचा एक डबा आणा. आठ ते चौदा वयाची मुलं-मुली एकत्र खेळू देत. नियम त्यांना ठरवू द्या, भांडण झालं तरी लगेच मध्ये पडू नका. महिन्याअखेरीस ज्याला पुढं शिकायचं असेल तो आपण होऊन सांगेल, तेव्हा अकादमीचा विचार करा. सिझन बॉलकडं वळताना मात्र हेल्मेट आणि गार्ड यांत काटकसर नको. बॅट जुनी, मोठ्या भावाची असली तरी चालेल, फक्त ती त्याच्या हाताला जड पडत नाही ना, तेवढं पाहा.