समासातली शाई

प्रश्न : जुन्या रब्बींच्या ग्रंथांची छायाचित्रे पाहिली. समास हस्तलिखित टिपांनी गच्च भरलेले. धर्मग्रंथावर असे लिहिलेले ज्यूंना चालते कसे? – एक वाचक, नोएडा

उत्तर : शंका रास्त आहे; पण इथे दोन वेगळे ग्रंथ एक समजले गेले आहेत. सिनेगॉगमध्ये वाचली जाणारी तोराची, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाची, गुंडाळी चर्मपत्रावर हाताने लिहिलेली असते. तिच्यात एक अक्षर काय, स्वरचिन्हही घालता येत नाही. तलमूदचे, म्हणजे रब्बींच्या धर्मचर्चांच्या ग्रंथाचे, छापील खंड मात्र अभ्यासासाठीच असतात आणि त्यांचे पानच वादविवादाचे असते. व्हेनिसच्या डॅनियल बाँबर्गने 1520 नंतरच्या काही वर्षांत संपूर्ण तलमूद छापला. मधोमध मूळ मजकूर, एका बाजूला अकराव्या शतकातल्या राशी या भाष्यकाराची टीका, दुसऱ्या बाजूला पुढच्या पिढ्यांच्या शंका, ही त्याची मांडणी आजही टिकून आहे.

मग हाताने आणखी काय लिहायचे? मुख्यतः दुरुस्त्या. नकलाकारांच्या चुका छापखान्यात आल्या, जुळाऱ्यांनी त्यात भर घातली. दुसरीकडचा तोच उतारा ताडून पाहताना गळलेला शब्द सापडला, की अभ्यासक तो समासात नोंदवी. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती याच तळमळीने. क्राकूवचे रब्बी योएल सिर्किस (मृत्यू 1640) यांनी तलमूदच्या स्वतःच्या प्रतीत केलेल्या दुरुस्त्या पुढे छापल्या गेल्या. 1880च्या दशकातल्या विल्ना आवृत्तीत त्या मूळ मजकुराशेजारीच आहेत. एकाची हस्ताक्षरातली टीप अशी सर्वांचा पाठ झाली.

टिपांमुळे ग्रंथाची किंमत घटते, हाही गैरसमज. लिहिणारा विद्वान ओळखता आला तर ती उलट वाढते. मात्र सगळीच शाई विद्वत्तेची नसते. काही नोंदी मालकांच्या नावांच्या असतात. सोळाव्या शतकात इटलीत चर्चच्या परीक्षकांनी हिब्रू ग्रंथांतले शब्द शाईने खोडले आणि शेवटी सह्याही ठोकल्या.

असे ग्रंथ तुमच्याही हाती येऊ शकतात. तुमच्याजवळ दिल्लीतच हुमायून रोडवर 1956चे जुडाह हयाम सिनेगॉग आहे. तिथे येणाऱ्यांत मूळचे कोकणातले, मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू आहेत. या समाजात रब्बींची परंपरा नव्हती, त्यामुळे त्यांच्या जुन्या घरांत तलमूदपेक्षा प्रार्थनापुस्तके मिळण्याचा संभव अधिक. वल्हांडणाच्या सणाला वाचायची हग्गादा 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. असे एखादे पुस्तक हाती आले, तर समासातले काही खोडू नका, रद्दीत तर मुळीच देऊ नका. ईश्वराचे नाव असलेली जीर्ण हिब्रू पुस्तके ज्यू लोक जाळत नाहीत, पुरतात. हाती आलेले पुस्तक आधी एखाद्या जाणकाराला जरूर दाखवा.